तोंडाचा कॅन्सर, स्कॅन आणि आम्ही दोघं : रिपोर्ट कुणी कुणाला सांगायचा?

मांजराकाठची

यांच्या गालातल्या जखमेच्या बायोप्सीचा रिपोर्ट सोमवारी आला. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच. घरात मला, सासूबाईंना, दिरांना आणि नणंदेच्या मालकांना माहीत आहे. ज्यांना झालाय त्यांनाच माहीत नाही.

आम्ही केज तालुक्यातले. हे पंचेचाळिशीच्या आतले, शेती आणि जोडीला खताचं दुकान. कॉलेजपासून पुडीची सवय. दोन-तीन वर्षांपासून तोंड कमी कमी उघडायलंय. ठेचा तर सोडाच, साधी फोडणीची आमटीसुद्धा झोंबायची. दिवाळीनंतर उजव्या गालाला आतून पांढरा चट्टा आला, मग त्याची जखम झाली. मेडिकलवरून आणलेलं जेल लावत राहिले. शेवटी अंबाजोगाईला दाखवलं, तिथं तुकडा काढून तपासायला पाठवला.

दीर म्हणतात, "दादाला अल्सर आहे म्हणून सांगू आणि ऑपरेशन उरकून घेऊ. खरं कळलं तर हाय खाईल." सासूबाईंचंही तेच. हे मात्र रोज दुकानातून आले की पहिलं विचारतात, रिपोर्ट आला का. मी "आला नाही" म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. यांच्याशी असं तोंड चुकवून वागायची वेळ संसारात कधी आली नव्हती.

आता सीटी स्कॅनची तारीख मिळालीय, पुढे पेट स्कॅनही लागेल म्हणालेत. यांना सांगावं का? सांगायचं तर कसं? स्कॅनला आत काय करतात, सोबत थांबू देतात का? आणि उपचार संभाजीनगरला करावेत, बार्शीला की थेट मुंबईला? ज्या नवरा-बायकोंनी हे सगळं मिळून काढलंय त्यांनी कृपया लिहा. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरायलंय.

मोंढ्यातला_माणूस

ताई, धीर सोडू नका. आमच्या गल्लीतले दोघं-तिघं यातून बाहेर आलेत, हिंडाय-फिरायलेत. जाणकार लिहितीलच. पण आधी पुडी बंद करा म्हणावं, आजपासून.

गोदातीर

ताई, मी नांदेडचा. आमच्या घरी उलटं होतं, आजार मंडळींना झाला. पुडी-गुटखा काही नाही, फक्त मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. लहानपणी आईबरोबर चुलीपुढं बसून दात घासायची जी सवय लागली ती तशीच राहिली. खालच्या हिरडीला गाठ आली आणि दात आपोआप हलू लागले, तेव्हा कळलं.

तुमच्यासारखीच आमच्याकडंही बैठक बसली होती. मेव्हण्यांचं म्हणणं, "बाईमाणसाला कशाला सांगायचं, तिला सोसणार नाही." मी ऐकलं आणि विचारलं, सांगायचं नाही तर तिला न्यायचं कुठं? ज्या दवाखान्यात नेणार त्याच्या फाटकावरच हातभर अक्षरात 'कर्करोग रुग्णालय' लिहिलेलं असतं. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, "तुमचा कशाचा?" केस पेपरवर शिक्का असतो. सातवी शिकलेल्या माणसालाही तो वाचता येतो.

आणि समजा लपवलं, तर पुढचे सहा-आठ महिने तुम्ही रोज नाटक करणार. तोंडाच्या कॅन्सरचे उपचार पेशंटच्या जिवावर चालतात. तोंड उघडायचा व्यायाम त्यानं करायचा, नळीतून जेवायचं त्यानं, शेकाच्या (रेडिएशनच्या) दिवसांत घास गिळत नसताना गिळायचा त्यानं. एवढं सगळं साध्या अल्सरसाठी कोण करील? तिसऱ्या आठवड्यात म्हणेल, "नको मला, जातो मी घरी." असे अर्धवट सोडून गेलेले पेशंट मी वॉर्डात बघितलेत, आणि ते काही महिन्यांनी परत आलेलेही बघितलेत. म्हणून इतकं ठासून लिहितोय.

आमच्यात मी एक ठरवून घेतलं. कुठलाही रिपोर्ट दोघं एकत्र असल्याशिवाय उघडायचा नाही. पाकीट ती धरणार, वाचणार मी. पोरगा म्हणाला मोबाईलवर पीडीएफ येते, मी आधी बघतो. त्यालाही नाही म्हटलं. कडू असो का गोड, ती बातमी आधी आमची दोघांची. पावण्यारावळ्यांची नंतर.

सांगताना एकट्यानं सांगू नका. डॉक्टरांना आधी भेटून म्हणा, "आम्ही दोघं येतो, तुम्ही समोर बसवून सांगा." डॉक्टर आजार सांगतात आणि लगेच त्याचा इलाजही सांगतात. घरी आपण फक्त आजार सांगतो आणि रडत बसतो.

लातूरचा_दंतवैद्य

गोदातीर यांच्याशी पूर्ण सहमत. मी स्कॅनचं तेवढं सांगतो, कारण माणूस निम्मा घाबरतो तो यंत्राला.

सीटी स्कॅन : गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरला बहुधा हाच पहिला. जखम किती खोल गेली, जबड्याचं हाड धरलंय का, मानेत गाठी आहेत का, हे त्यात दिसतं. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. त्याआधी किडनी ठीक आहे का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, तो रिपोर्ट सोबत ठेवा. औषध जाताना अंगभर एकदम ऊब येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, तोंडाला धातूची चव येते. पेशंटला हे आधी सांगून ठेवलं की तो दचकत नाही. तुमच्या यजमानांचा आजार गालाचा आहे, म्हणून एक खास गोष्ट : गाल फुगवून धरून स्कॅन करायचा असतो. गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली राहिली तर आजार नेमका कुठून उगवलाय ते चित्रात कळत नाही. टेक्निशियनला आठवण करून द्या, आणि घरी यांच्याकडून ओठ मिटून गाल फुगवायचा सराव करून घ्या. तोंड कमी उघडणाऱ्या माणसाला सुरुवातीला ते जड जातं.

एमआरआय : जिभेच्या आजारात जास्त उपयोगी. वेळ लागतो आणि आवाज मोठा असतो.

पेट सीटी : हा प्रत्येकाला लागत नाही. आजार पुढं गेल्याची शंका असेल तर शरीरात आणखी कुठं पसरलाय का हे बघायला सांगतात. त्यात साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात. चार ते सहा तास उपाशी राहायचं, फक्त साधं पाणी चालतं. शुगर असेल तर आधी विचारून घ्या, साखर वाढलेली असली की स्कॅन पुढं ढकलतात. टोचल्यावर तासभर वेगळ्या खोलीत गप पडून राहायचं. त्या वेळात बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. जबड्याचे स्नायू हलले की ते औषध ओढून घेतात आणि चित्रात उगाच चमकतात. तुम्ही त्या खोलीत थांबू शकत नाही, बाहेर बसावं लागतं. त्या दिवशी लहान लेकरू आणि गरोदर बाई यांच्यापासून त्यांनी लांब राहायचं, पाणी भरपूर प्यायचं. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं.

तंबाखू सोडायला राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी तो कुठं मिळतो हे मला पेशंटच सांगतात. त्यामुळे खिशातली पुडी घरच्यांनाच काढून घ्यावी लागते.

गोदातीर

डॉक्टरसाहेबांनी एमआरआयचं लिहिलं त्यात भर. अंगावर धातूची वस्तू चालत नाही. आमच्या मंडळींना मंगळसूत्र, जोडवी, कानातलं सगळं काढायला लावलं. जोडवी रुतून बसलेली, साबण लावून मीच काढली दारातच. तिला ते अपशकुनी वाटलं, रडायला लागली. मी म्हणालो, माझ्या हातात दे, मी जिता-जागता इथं उभा आहे. रुमालात बांधून ती मुठीत धरून बसलो. तेव्हा बायका पेशंट असतील तर हे घरूनच काढून या, दारात उभं राहून काढायची वेळ आणू नका.

बालाघाट

मी धाराशिव जिल्ह्यातली. वरच्यांचं पटतं, पण माझं थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

आमच्या यांना जिभेचा होता. मी सांगायला तयार होते, डॉक्टरही तयार होते. पण यांनीच हात वर करून सांगितलं, "मला स्टेज-बिज सांगू नका. काय करायचं ते सांगा, मी करतो." आजार कोणता ते त्यांना माहीत होतं. पण आकडे, टक्के, किती वर्षं, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. मी ते मानलं. डॉक्टर इंग्रजीत माझ्याशी आकड्यांचं बोलायचे आणि हे मुद्दाम उठून बाहेर पाणी प्यायला जायचे.

म्हणून माझं म्हणणं, आधी त्यांनाच विचारा, "रिपोर्ट आला की तुम्हाला किती सांगू? सगळं सांगू, का कामापुरतं?" त्यांचं उत्तर ते देतील. दिरांनी ठरवायचं नाही, आणि ताई, तुम्ही आम्हीही नाही.

गोदातीर

बालाघाटताई, पटलं. आजाराचं नाव लपवायचं नाही, बाकी किती ऐकायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या मंडळींना उलट एक-एक ओळ हवी असायची.

मांजराकाठची

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. सांगितलं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये दोघं गेलो. बालाघाटताई, तुमचं ऐकून आदल्या रात्री यांना विचारलं होतं, किती सांगू. तर म्हणाले, "रिपोर्ट आलाय ना? तुझ्या तोंडावरून कळायलंय चार दिवसांपासून." म्हणजे लपलेलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, कागदावर गालाचं चित्र काढून दाखवलं. यांनी एवढंच विचारलं, "पुडीमुळंच ना?" डॉक्टर हो म्हणाले. मग हे माझ्याकडं बघून म्हणाले, "तू सांगत होतीस." मला काहीच बोलता आलं नाही, मी फक्त हात धरला.

घरी आल्यावर खिशातल्या, दुकानाच्या गल्ल्यातल्या, ट्रॅक्टरच्या सीटखालच्या सगळ्या पुड्या आणून माझ्यापुढं टाकल्या. ट्रॅक्टरखाली असतात हे मला माहीतही नव्हतं.

दीर रागावलेत, दोन दिवस घरी जेवले नाहीत. सासूबाई यांच्यापुढं सारख्या पदर डोळ्याला लावतात, त्याचा यांना जास्त त्रास होतोय.

सीटी झाला. गाल फुगवायचा सराव केला होता, टेक्निशियन म्हणाला, "काका, तुम्हाला कुणी शिकवलं?" दंतवैद्यदादा, हे तुमच्यामुळं.

रिपोर्ट पाकिटातच आहे. यांनी दुकानातून यायला उशीर केला तरी मी उघडला नाही. उद्या डॉक्टरांकडं दोघं उघडणार आहोत. झोप मात्र येईना, दोघंही जागेच आहोत आणि दोघंही झोपेचं सोंग करतोय.

सीताफळ

त्या रात्रीबद्दल लिहिते. मला वाटतं स्कॅन आणि रिपोर्ट यांच्यामधले दिवसच सगळ्यात वाईट. ऑपरेशनच्या दिवशी निदान करायला काम असतं.

जागे असाल तर उठून बसा आणि दिवा लावा. आम्ही तेच करायचो. चहा ठेवायचा आणि जे मनात येतंय ते बोलायचं, कर्ज, लेकीचं लग्न, कोणत्या रानात काय पेरायचं, काहीही. एकदा यांनी विचारलं, "मी गेलो तर विहिरीवरची मोटर चालू करायची तुला येते का?" मी म्हणाले येत नाही. सकाळी उठून स्टार्टर कसा लावायचा ते शिकवलं मला. लोकांना हे अभद्र वाटेल. आमचं त्या बोलण्यानं ओझं उतरलं. हे आज ठणठणीत आहेत आणि मोटर मीच चालू करते.

जायकवाडी

पैशाचं आणि जागेचं मी सांगतो. नात्यातल्या, गावातल्या पेशंटना घेऊन हिंडण्यात बरीच वर्षं गेली.

तुमच्या भागाला बार्शी जवळ पडतं. तिथं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जुनं आहे, लातूर-धाराशिव-बीडकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं जातात. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, आता ती राज्य कर्करोग संस्था आहे. ऑपरेशन, शेक, केमो एका छताखाली. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटल आहेच. माझं प्रामाणिक मत : एकदा मुंबईचा सल्ला घ्यायचा असेल तर घ्या, पण शेक जवळच्या ठिकाणी घ्या. शेकाला आठवड्यातले पाच दिवस रोज जावं लागतं, सहा आठवडे. परक्या शहरात तेवढे दिवस काढताना पेशंटपेक्षा बायको आधी आजारी पडते. फक्त सल्ल्यासाठी हिंडण्यात महिना घालवू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं पांढरं रेशन कार्ड असलं तरी बसतं, शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ती सोय आधीपासून आहे. सातबारा सोबत ठेवा. दवाखान्यात शिरलं की आधी आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची, खिडकी शोधायची. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का आजच बघा. निम्म्या लोकांची फाईल वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगवर अडकते आणि तहसीलला चकरा सुरू होतात. एक गोष्ट लक्षात असू द्या, योजनेची मंजुरी येण्याआधीच्या तपासण्यांचे पैसे बऱ्याचदा खिशातूनच जातात, तेवढी तजवीज ठेवा.

मुंबईला जायचं झालं तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. परळीहून, लातूरहून, नांदेडहून कुठूनही चालतं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, टाटाचे पेशंट तिथं राहतात. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच.

मांजराकाठची

रिपोर्ट उघडला. हाडाला धक्का नाही. मानेत उजवीकडं एक गाठ दिसतेय. छातीत काही नाही. पेट स्कॅनची गरज नाही म्हणाले. ऑपरेशन करून गालाचा तो भाग आणि मानेतल्या गाठी काढणार, छातीचं मांस-कातडी वळवून गालाला लावणार, नंतर शेक. नाकातून नळी काही आठवडे. बोलणं सुरुवातीला नीट कळणार नाही.

यांनी सगळं शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर मात्र आरशासमोर बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "असा चेहरा घेऊन दुकानात कसा बसू? तूच बघशील का माझ्याकडं?" मी बघीन हो. पण त्यांना ते पटवायचं कसं? ऑपरेशननंतरचे दिवस घरात कसे काढलेत, खरं खरं लिहा. वाईटही लिहा.

सीताफळ

ताई, खरं लिहिते.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओळखू आले नाहीत. तोंड सुजून भोपळ्याएवढं, नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी छिद्र. सूज उतरते. दोन-तीन आठवड्यांत माणूस दिसायला लागतो. त्या पहिल्या दिवशी घरातल्या कुणालाही, विशेषतः लेकरांना, तयारीशिवाय आत नेऊ नका. मी आधी एकटी गेले, पोरांना मोबाईलवर फोटो दाखवला, समजावलं, मग नेलं.

बोलणं : पाटी-पेन्सिल घेऊन जा, पोरांची असते ना ती. मोबाईलवर टाईप करायला ते थकतात आणि सलाईनच्या हातानं जमत नाही. आमच्या यांनी पहिला शब्द पाटीवर काय लिहिला माहीत आहे? 'दूध'. म्हशीचं दूध डेअरीला गेलं का विचारत होते.

जेवण नळीतून. मोठ्या सिरिंजनं, पाठ टेकवून बसवूनच द्यायचं, अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. ज्वारीची आंबील, मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, ताक, सगळं दोनदा पातळ फडक्यानं गाळून. एक कण राहिला की नळी तुंबते. दर वेळी शेवटी साधं पाणी सोडायचं. भरपूर वेळा, थोडं थोडं. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. घरात येसराची आमटी रटरटत असते आणि हा माणूस नाकानं वास घेत बसतो, ते बघवत नाही. आमच्याकडं महिनाभर फोडण्या बंद होत्या. सासूबाईंनी स्वतःहून केल्या बंद.

चेहऱ्याचं : लोक बघतात. बाजारात पोरं थांबून बघतात. यांनी उपरणं गुंडाळायला सुरुवात केली. मी म्हटलं बाहेर गुंडाळा, घरात नाही. घरात मी समोर बसून जेवणार. सुरुवातीला लाळ गळायची, हे पाठ फिरवून बसायचे, मी उठून त्या बाजूला जाऊन बसायचे. काही दिवसांनी पाठ फिरवणं थांबलं. समजुतीच्या बोलण्यानं त्यांना काही पटलं नसतं, ताई. समोर बसून राहिल्यानं पटलं.

आणि एक, जे कुणी विचारत नाही. नवरा-बायकोची जवळीक. हे कितीतरी महिने माझ्याकडं तोंड करून झोपले नाहीत. त्यांना वाटायचं वास येतो मला, आजार लागेल मला. हा आजार लागत नाही. एका ताटात जेवल्यानं लागत नाही, जवळ घेतल्यानं लागत नाही. आमच्या चुलत जावेनं यांचा पेला वेगळा ठेवला होता, मी सगळ्यांसमोर त्याच पेल्यानं पाणी प्याले. त्या रात्री हे बोलले माझ्याशी.

बालाघाट

सीताफळताईंनी लिहिलं त्याला एक जोडते, सांभाळणाऱ्या बाईबद्दल. तुम्हीही जेवा. मी यांना जेवता येत नाही म्हणून स्वतः चोरून, उभ्या-उभ्या भाकरी खायचे. डॉक्टरांनीच माझं वजन केलं एकदा आणि रागावले. रात्रीची एक पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्या. ताई, तुमचे दीर रुसलेत ना? त्यांना ही पाळी द्या. माणसाला काम दिलं की रुसवा जातो.

लातूरचा_दंतवैद्य

शेकाआधी दात तपासून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. किडलेले, हलणारे दात असतील तर शेक सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी काढून जखम भरलेली हवी. शेक झाल्यावर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, नंतर दात काढला तर हाड सडू शकतं. पुढं आयुष्यात कधीही कोणत्याही दंतवैद्याकडं गेलात तर पहिलं वाक्य, "मला इथं शेक दिलाय."

ऑपरेशननंतर शेक साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. जखम भरली की लगेच पाठपुरावा करा. काढलेल्या भागाचा रिपोर्ट बघून कुणाकुणाला शेकासोबत सिस्प्लाटिन हे केमोचं औषध देतात. ते दिलं तर पाणी भरपूर, आणि कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगायचं.

शेकाच्या आधी चेहऱ्याचा मास्क करतात. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात, ते थंड झालं की घट्ट होतं. रोज तो घालून टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण रोज त्याच जागी पडतात. कोंडल्यासारखं होतं पण काही मिनिटांचं काम. आतलं सगळं कॅमेऱ्यात दिसत असतं, हात वर केला की थांबवतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलल्यासारखं होतं, चव जाते, थुंकी चिकट होते. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा, दिवसातून बऱ्याच वेळा गुळण्या. दुखणं सोसत बसू नका, औषधं मागा. दुखणं थांबलं तरच घास जातो. तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायची, आठवड्याला एक-एक वाढवायची. बायकोनं मोजायच्या.

मानेत गाठ हाताला लागत नसली तरी कापतात, त्याला लोक घाबरतात. टाटाच्या डॉक्टरांचा २०१५ चा अभ्यास आहे. लवकरच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, गाठ दिसल्यावर मग काढलेल्यांत ६७.५ टक्के. तुमच्याकडं गाठ दिसलेलीच आहे, तेव्हा मानेबाबत शंका नको.

गोदातीर

उपचार संपल्यावरच्या स्कॅनचं कुणी लिहिलं नाही. शेक संपल्यावर लगेच स्कॅन करा म्हणून आम्ही डॉक्टरांच्या मागं लागलो होतो. ते म्हणाले, पेट स्कॅन करायचाच असेल तर शेकानंतर बारा आठवडे थांबायचं. आधी केला तर शेकाची सूजच आजारासारखी चमकते आणि उगाच घाबरगुंडी. ते थांबणं अवघड गेलं. पुढं तपासणीची तारीख जवळ आली की मंडळी चिडचिड करायच्या, मी गप व्हायचो. आता तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही मुक्कामालाच जातो, सकाळी पहिला नंबर लावतो, आणि तपासणी झाली की रिपोर्टची वाट बघत घरी बसत नाही. मिळेपर्यंत तिथंच थांबतो. वर्षातून एकदा थायरॉइडही तपासतात, मानेला शेक दिलेल्यांत ते कमी होतं. अंग जड झालं, थंडी वाजू लागली तर आजार परतला असं मनात आणू नका, आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा.

मांजराकाठची

हे सगळं यांना वाचून दाखवलं. सीताफळताईंचं पेल्याचं वाचताना मला थांबावं लागलं, पुढचं त्यांनी स्वतः वाचलं.

संभाजीनगर ठरलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. दीर सोबत येतायत, बालाघाटताई, रात्रीची पाळी त्यांनीच मागून घेतली. दुकान चुलतभाऊ बघणार. दात तपासले, दोन काढायचे निघाले, ते ऑपरेशनच्या वेळीच काढतो म्हणाले. मुलाची जुनी पाटी सापडली, पेन्सिली नव्या आणल्या. सासूबाईंनी आंबिलीसाठी ज्वारी दळून वेगळ्या डब्यात भरून ठेवलीय.

जायकवाडीदादा, रेशन कार्डावर यांचं नाव आडनावासकट आहे आणि आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आहे. हे भरती व्हायच्या आधी दुरुस्त व्हायलाच पाहिजे का? आणि शेकाच्या सहा आठवड्यांत तिथं खोली घेऊन राहावं का येऊन-जाऊन करावं?

जायकवाडी

ताई, नावाचा फरक आहे म्हणून भरती थांबवू नका. आधी आरोग्यमित्राला दोन्ही कागद दाखवा, एका अक्षराचा फरक असेल तर काय चालेल ते तो सांगेल. तोवर आधार केंद्रावर दुरुस्तीचा अर्ज टाकून पावती जवळ ठेवा, आणि तहसीलमधून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. मूळ रेशन कार्ड, सातबारा, दोघांचे आधार, बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणि स्लाइड, सीटीची फिल्म आणि सीडी, सगळं एका पिशवीत. स्लाइड आणि ठोकळा (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) जिथं बायोप्सी झाली तिथून मागून घ्या, मोठ्या दवाखान्यात परत तपासतात.

शेकाला येऊन-जाऊन अजिबात करू नका. केजहून रोजचा प्रवास दुखऱ्या तोंडानं झेपणार नाही. खोलीच घ्या, स्वयंपाकाची सोय असलेली, दवाखान्यापासून पायी जाता येईल अशी. त्या भागात पेशंटचे लोक राहतात अशा खोल्या मिळतात, पण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गॅस, मिक्सर आणि गाळायचं फडकं घरूनच आणा. भरतीच्या दिवशी किती वाजता पोचताय ते इथं टाका, मी ओपीडीच्या दारात भेटतो.